५४ सेकंदांना एक गुण: एमएचटी-सीईटीत वेळ कुठे जातो आणि तो परत कसा मिळवायचा

आमच्या अभ्यासिकेत दरवर्षी बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की आठवड्याभरात पहिली सराव चाचणी घेतो. गेल्या वर्षी एक मुलगी ती देऊन बाहेर आली ती रडवेली होऊन. भौतिकशास्त्राचे ५० पैकी १७ प्रश्न तिने पाहिलेसुद्धा नव्हते. "सर, मला काहीच येत नाही," म्हणाली. चहा पिता पिता तेच १७ प्रश्न तिच्यापुढे ठेवले, घड्याळ न लावता. त्यातले ११ तिने बरोबर सोडवले.

मग तिचे रफ कागद मागून घेतले. एक अख्खं पान एकाच उदाहरणाने भरलं होतं, घूर्णन गतीचं. तिच्या अंदाजाने त्यावर सात मिनिटं गेली होती. उत्तर बरोबर आलं होतं आणि त्याचा गुण होता एक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

सीईटी, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशासाठी राज्याची जी परीक्षा असते, ती देणाऱ्या बहुतेक मुलांचं दुखणं हेच असतं, म्हणून हा लेख फक्त त्यावरच आहे. कुठला क्लास लावावा, कुठलं कॉलेज घ्यावं, हे विषय इथे नाहीत. जे तुम्हाला येतं त्याचे गुण पदरात कसे पाडायचे एवढंच बघू.

आधी भाव समजून घ्या

इंजिनीअरिंगसाठी जी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, म्हणजे पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट, तिचा आराखडा असा आहे. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. एकूण २०० गुण आणि तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. आधी भौतिक-रसायन उघडतं. ती ९० मिनिटं संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित सुरू होतं. गणितातला वाचलेला वेळ भौतिकाला देता येत नाही, आणि उलटही नाही. भौतिक आणि रसायन या दोघांत मात्र पाहिजे तेवढं इकडून तिकडे जाता येतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं नियोजन यावर उभं आहे. दरवर्षीची माहितीपुस्तिका ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येते. ती एकदा स्वतः वाचा, मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नका.

आता हिशेब करा. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद. भौतिक-रसायनाच्या १०० प्रश्नांत वाटले तर एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणितात एका प्रश्नाला १०८ सेकंद, पण त्याला गुण २. म्हणजे एका गुणाचा भाव दोन्हीकडे सारखाच, ५४ सेकंद. पीसीबीवाल्यांच्या, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र घेणाऱ्यांच्या, जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, १ गुणाचे. तिथेही तोच भाव.

त्या मुलीने सात मिनिटं, म्हणजे ४२० सेकंद मोजून एक गुण विकत घेतला. बाजारभावाने त्यात जवळजवळ आठ गुण आले असते.

जेईई मेनची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केलेल्या मुलांना इथे हमखास ठेच लागते. तिथे तीन तासांत ७५ प्रश्न असतात, इथे १५०. तिथे चुकीला एक गुण कापला जातो, म्हणून खात्री करून घेण्याची सवय हाडात भिनलेली असते. सीईटीत तीच सवय अंगाशी येते. उत्तर आलं, पर्यायांत दिसलं, की टिचकी मारून पुढे जायचं. तपासायला परत यायचं ते वेळ उरलाच तर.

पहिली चाचणी, आणि तिच्यानंतरचा दिवस

अभ्यास पूर्ण झाल्यावर सराव चाचणी देऊ असं म्हणणाऱ्यांचा अभ्यास पूर्ण होत नाही आणि चाचणी एप्रिल उजाडेपर्यंत राहून जाते. पहिली चाचणी कच्च्या तयारीवरच द्या. पूर्ण तीन तास, मधे न उठता, शक्यतो संगणकावर. घरी संगणक नसेल तर सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन-तीन चाचण्या तरी द्याच. मोबाइलवर सराव चालेल, पण मोठ्या पडद्यावर प्रश्न वाचून, मान खाली घालून कागदावर आकडेमोड करून, परत वर बघून माउसने पर्याय निवडायचा, ही हालचाल अंगवळणी पडायला लागते. नाहीतर प्रत्येक प्रश्नामागे पाच-सहा सेकंद त्यातच जातात. १०० प्रश्नांत त्याचे किती होतात ते तुम्हीच बघा.

गुण किती पडले हे पाहून झालं की खरं काम दुसऱ्या दिवशी. वही घ्या आणि चुकलेला, सुटलेला, नशिबाने बरोबर आलेला असा प्रत्येक प्रश्न चारांपैकी एका खात्यात टाका.

पहिलं खातं: आलंच नाही. धडाच झालेला नाही किंवा संकल्पना कळलेली नाही.
दुसरं: येत होतं, पण फार वेळ गेला किंवा वेळच उरला नाही.
तिसरं: येत होतं, पण चुकलं. चिन्ह, एकक, घाईत वाचलेला प्रश्न, कागदावर क आणि पडद्यावर ड.
चौथं: तुक्का लागला.

चौथं खातं मुलं टाळतात, कारण तिथे गुण मिळालेले असतात आणि कोणाला उकरून काढायचं नसतं. पण तो गुण पुढच्या वेळी मिळेलच असं नाही, त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने ते पहिलंच खातं आहे.

वहीतली नोंद कशी असावी? "भौतिक २३, चुकला" याला काही अर्थ नाही. त्या मुलीच्या वहीतली एक नोंद अशी होती: "भौतिक २३. दोलक. ३ मिनिटं. सूत्रात आकडे भरत बसले. गुणोत्तर घेतलं असतं तर झालं असतं." प्रश्न असा होता की साध्या दोलकाची लांबी २१ टक्क्यांनी वाढवली तर दोलनकाल किती टक्क्यांनी वाढेल? ती आधीची लांबी एक मीटर धरून, पायची किंमत घालून दोन्ही दोलनकाल काढायला गेली होती. दोलनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, १.२१ चं वर्गमूळ १.१, म्हणून वाढ १० टक्के. पंधरा सेकंद. अशा दहा-बारा नोंदी एकाखाली एक आल्या की आपल्या सवयी उघड्या पडतात. तिला कळलं की तिला भौतिकशास्त्र येत होतं, गुणोत्तर घ्यायची सवय नव्हती.

चाचणी तीन तासांची असेल तर या वहीला चार तास लागतात. लागू द्या. मी तर म्हणेन, एवढा वेळ नसेल तर पुढची चाचणी देऊच नका. आठवड्याला पाच चाचण्या देणारी आणि एकही वही नसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे गुण मार्चमध्ये जिथे होते तिथेच मेमध्ये असतात.

काय वाचायचं, आणि कुठल्या क्रमाने

इथे लवकर आटपतो, कारण याबद्दल सगळेच सांगतात. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर. म्हणजे प्रत्येक विषयात ५० पैकी १० प्रश्न अकरावीचे. ते धडे कुठले याची यादी माहितीपुस्तिकेत असते. यादी न बघता अख्खी अकरावी घोकणारा आणि अकरावीला हातच न लावणारा, दोघेही सारखेच फसतात. गणितात तर अकरावीचे १० प्रश्न म्हणजे २० गुण, आणि त्यातले रेषा, वर्तुळ, क्रमपर्याय-संयोग, संमिश्र संख्या हे धडे काही फार भयंकर नाहीत.

रसायनशास्त्राला बालभारतीचं पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचा. चौकटीतली माहिती, तक्ते, चित्राखालच्या ओळी, सगळं. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. असेंद्रिय रसायन, बहुवारिकं, हरित रसायन, जैवरेणू यांवरचे प्रश्न एकतर वाचलेलं असतं म्हणून दहा सेकंदांत येतात, नाहीतर मिनिटभर डोकं खाजवूनही येत नाहीत. हे दहा सेकंदवाले प्रश्नच पुढे भौतिकासाठी वेळ काढून देतात. ज्याचं रसायन पाठ, त्याचं भौतिक सुटतं, असं मी वर्गात म्हणतो ते याच अर्थाने.

गणितात बारावीचे १५ धडे. तर्कशास्त्र, सारणी, रेषीय प्रायोजन, द्विपद वितरण हे हलके. यांचा एकही प्रश्न सुटता कामा नये. संकलन आणि विकलन जड, पण प्रश्नही तिथेच जास्त. एप्रिलमध्ये नव्याने संकलन शिकायला बसू नका. आधी हलके धडे घट्ट करा.

अठरा मिनिटांचा गजर

हा आमच्या अभ्यासिकेतला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार. २० प्रश्नांना ५४ सेकंदांप्रमाणे लागतात १८ मिनिटं. गणिताच्या १० प्रश्नांना १०८ सेकंदांप्रमाणे लागतात तीही १८ मिनिटंच. मोबाइलवर १८ मिनिटांचा गजर लावायचा, रसायन किंवा भौतिकाचे २० नाहीतर गणिताचे १० प्रश्न काढायचे, आणि गजर वाजला की पेन खाली. अशा पाच फेऱ्या म्हणजे पेपरचा अर्धा भाग.

सुरुवातीला २० पैकी १२-१३ प्रश्नांपर्यंतच पोहोचता येतं. घाबरू नका. पहिला आठवडा एकाच धड्याचे प्रश्न घ्या, दुसऱ्या आठवड्यापासून तीन-चार धड्यांची भेळ करा. परीक्षेत प्रश्न धड्यांच्या क्रमाने येत नाहीत, "हा कुठल्या धड्यातला?" हे ओळखण्यातच सेकंद जातात आणि एकेक धडा सोडवून ती ओळख कधीच तयार होत नाही.

फेरी संपल्यावर राहिलेले प्रश्न घड्याळाविना सोडवा आणि प्रत्येकाला विचारा, यापेक्षा आखूड रस्ता होता का? एक नमुना. पहिल्या क्रमाची अभिक्रिया, अर्धायुकाल २० मिनिटं, तर ८७.५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? वर्गात शिकवलेल्या पद्धतीने २.३०३ चं सूत्र, आधी स्थिरांक, मग लॉग, दोन मिनिटं. आखूड रस्ता: ८७.५ संपले म्हणजे १२.५ उरले. १०० चे ५०, ५० चे २५, २५ चे १२.५. तीन अर्धायुकाल. ६० मिनिटं. आणि ९९.९ टक्के विचारलं तर साधारण दहा अर्धायुकाल, कारण दोनाचा दहावा घात १,०२४.

प्रकाशविद्युत परिणामातही असंच. प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार दरवेळी कशाला करायचा? तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असेल तर १,२४० ला तिने भागा, ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. ६२० नॅनोमीटर दिली तर २.

कॅल्क्युलेटर नसतो. म्हणून दोनाचं वर्गमूळ १.४१४, तिनाचं १.७३२, दोनाचा लॉग ०.३०१, तिनाचा ०.४७७, पायचा वर्ग जवळपास १०, एवढं तरी जिभेवर हवं. ३० पर्यंतचे पाढे आणि वर्ग हवेत. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे, म्हणजे आठवा भाग, हे त्यांना कागद न घेता कळायचं. आपण ते सोडून दिलं आणि आता तीच गोष्ट क्लासमध्ये पैसे देऊन शिकतो. असो.

पर्याय दिलेत ते वापरा

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. इथे पायऱ्या कोणी बघत नाही. उत्तर चारांतलंच एक आहे ही माहिती फुकट मिळालेली आहे, ती वापरायची.

बिंदू (२, ३) मधून जाणाऱ्या आणि ४क्ष − ३य = ७ या रेषेला लंब असलेल्या रेषेचं समीकरण विचारलंय असं धरा. (पेपरात इंग्रजी अक्षरं असतील, मी आपली जुनी क्ष-य वापरतोय.) पर्याय असे:

अ) ३क्ष + ४य = १७
ब) ४क्ष − ३य = −१
क) ३क्ष + ४य = १८
ड) ४क्ष + ३य = १८

चढ काढू नका. क्ष = २, य = ३ सरळ पर्यायांत घाला. अ मध्ये १८ येतात, १७ नाही, गेला. ड मध्ये १७ येतात, १८ नाही, गेला. ब आणि क उरले. ब हा दिलेल्या रेषेसारखाच दिसतोय, म्हणजे समांतर. उत्तर क. वीस सेकंद, आणि १०८ मधले ८८ सेकंद शिल्लक टाकले.

संकलनाच्या प्रश्नात पर्यायांचं विकलन करून बघता येतं. सीमेच्या प्रश्नात साधी किंमत घालून अंदाज घेता येतो. भौतिकात एकक जुळत नाही म्हणून दोन पर्याय उडतात. पण प्रत्येक प्रश्न पर्यायांतून सोडवायच्या नादाला लागू नका. सरळ सुटतोय तो सरळच सोडवा. कसरत हवी तिथेच करावी.

परीक्षेच्या दिवशीच्या फेऱ्या

आता मूळ मुद्दा. पेपर एकदाच, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत सोडवायचा नसतो. फेऱ्यांनी सोडवायचा असतो, भाजी घेताना आपण आधी मंडईत एक चक्कर मारून येतो तसा.

प्रश्न वाचून झाल्यावर १५-२० सेकंदांत रस्ता दिसला तर सोडवायचा. दिसला नाही तर पुनरावलोकनासाठी खूण करून पुढे. रस्ता दिसतोय पण लांब आहे, तरी खूण करून पुढे. खूण करताना अंदाजाने एक पर्याय निवडूनच ठेवा, म्हणजे परत यायला जमलं नाही तरी जागा कोरी राहत नाही.

मी सुचवतो ती वाटणी अशी. आधी रसायन, ३५ मिनिटं. मग भौतिक, ४० मिनिटं. मग १२ मिनिटं दोन्हींतल्या खुणा केलेल्या प्रश्नांना, आणि शेवटची ३ मिनिटं कोऱ्या जागा भरायला. पडद्यावरचं घड्याळ उरलेला वेळ दाखवतं, म्हणून रफ कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा: ५५ आणि १५. घड्याळात ५५ उरले की रसायन जिथे असेल तिथे सोडून भौतिक. १५ उरले की भौतिकाची पहिली फेरी बंद. तेव्हा मनात "एवढा एकच करतो" असं येईल. तो एकच प्रश्न पुढच्या चारांना खातो.

गणितात पहिली फेरी ४५ मिनिटांत सगळ्या ५० प्रश्नांवरून गेली पाहिजे. त्यात २५-३० सुटले तरी उत्तम. दुसरी फेरी ३५ मिनिटांची, खुणा केलेल्यांपैकी जे लांब पण ओळखीचे आहेत त्यांची. मग ७ मिनिटं हट्टी प्रश्नांना, आणि ३ मिनिटं कोऱ्या जागांना. कोपऱ्यात लिहा: ४५ आणि १०.

हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. एखाद्याचं भौतिक पक्कं आणि रसायन कच्चं असेल तर त्याने उलटं करावं. पण जी काही वाटणी ठरेल ती तिसऱ्या-चौथ्या चाचणीपर्यंत ठरवा आणि मग बदलू नका. परीक्षेच्या खोलीत नवं धोरण आखायला गेलेला मुलगा तिथेच पाच मिनिटं घालवतो.

कोऱ्या जागांबद्दल: एकही सोडायची नाही. चारांपैकी एक पर्याय डोळे झाकून निवडला तर सरासरी चौथा हिस्सा बरोबर येतो. गणितात आठ प्रश्न उरले असतील तर सरासरीने दोन, म्हणजे चार गुण. एकच अक्षर ठरवून सगळीकडे तेच ठोका. त्याने गुण वाढत नाहीत, पण ठरवण्यात जाणारा वेळ वाचतो. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळत असेल तर तेवढा वगळून निवडा.

रफ कागद आधीच आडव्या रेघांनी चौकटीत विभागा आणि प्रत्येक चौकटीत प्रश्नाचा क्रमांक लिहा. दुसऱ्या फेरीत परत आल्यावर अर्धं झालेलं गणित शोधत बसावं लागत नाही. फार क्षुल्लक वाटतं, पण मी स्वतः विद्यार्थी असताना एका परीक्षेत अख्खं निश्चयक दोनदा सोडवलं होतं, पहिलं कुठे लिहिलं ते सापडलं नाही म्हणून.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी थोडं वेगळं

फॉर्म भरताना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रासाठी इंग्रजी, मराठी किंवा उर्दू माध्यम निवडता येतं. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला विज्ञानाला गेलेल्यांची इथे पंचाईत होते. गणित येत असतं, प्रश्न वाचायलाच वेळ लागतो.

मराठी माध्यम निवडावं का? माझं मत असं की अकरावी-बारावीला जी पुस्तकं वापरलीत त्या भाषेतच पेपर घ्या. दोन वर्षं 'अँग्युलर मोमेंटम' म्हणत आलात आणि पेपरात अचानक 'कोनीय संवेग' समोर आला तर आपलीच भाषा परकी वाटते.

गणितासाठी शब्दांची एक छोटी यादी करा. पन्नास-साठ शब्द पुरतात. सगळ्यात जास्त गुण खाणारी जोडी म्हणजे 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट'. पहिली म्हणजे कमीत कमी, दुसरी म्हणजे जास्तीत जास्त. संभाव्यतेत 'कमीत कमी एक' असं दिसलं की बेरीज करत न बसता एकातून 'एकही नाही' ची संभाव्यता वजा करा. तीन नाणी फेकली आणि कमीत कमी एक छापा हवा असेल तर एक वजा एक अष्टमांश, सात अष्टमांश. रसायनात 'नॉट' आणि 'इनकरेक्ट' या शब्दांवर नजर गेली की तो शब्द रफ कागदावर उतरवा. पडद्यावर अधोरेखित करता येत नाही, आणि तिसऱ्या खात्यातल्या निम्म्या चुका याच दोन शब्दांनी झालेल्या असतात, निदान आमच्याकडे तरी.

शेवटचे सहा आठवडे

पहिले तीन आठवडे: रोज १८ मिनिटांच्या तीन फेऱ्या, विषय बदलून; बाकी वेळ पहिल्या खात्यातल्या धड्यांना; रविवारी एक पूर्ण चाचणी, सोमवारी फक्त वही. पुढचे दोन आठवडे: आठवड्याला दोन चाचण्या. प्रवेशपत्रावर सत्र सकाळचं की दुपारचं हे कळलं की त्याच वेळेला चाचणी द्या. दुपारी जेवून पेंगणाऱ्याला दुपारचं सत्र आलं तर त्याची तयारी जेवणापासून करावी लागते. शेवटच्या आठवड्यात नवा धडा नाही, नवं पुस्तक नाही. फक्त वही, सूत्रांची पानं आणि रसायनाचं पाठ्यपुस्तक.

चाचण्यांचे गुण सरळ रेषेत वाढत नाहीत. दुसरी-तिसरी चाचणी पहिलीपेक्षा वाईट जाऊ शकते, कारण प्रश्न सोडून पुढे जायची सवय अजून मुरलेली नसते आणि सोडलेल्या प्रश्नांची रुखरुख मागे ओढत राहते. त्या मुलीचेही दुसऱ्या वेळी गुण कमी झाले होते. पण न पाहिलेले प्रश्न १७ वरून ४ वर आले होते, आणि मी तेवढंच बघत होतो.

पर्सेंटाइलचा घोळ

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात, दशांशानंतर सात अंकांपर्यंत. तुमच्या सत्रात समजा २०,००० मुलं बसली आणि त्यांतल्या १९,४०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी असतील, तर तुमचा पर्सेंटाइल ९७. म्हणजे ९७ टक्के गुण नव्हेत. पेपर अवघड गेला तर तो तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच गेलेला असतो. पेपर सुरू असताना "फारच कठीण आहे" असं वाटलं तर सोडलेले प्रश्न वाढतील एवढंच. फेऱ्या त्याच, कोपऱ्यातले आकडे तेच.

आणखी एक गैरसमज: एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नव्हे. तो तुमच्या एकूण गुणांवरून काढतात. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत हे इथे आठवा.

केंद्रावर

प्रवेशपत्र आणि फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, झेरॉक्स नव्हे. दोन्ही आदल्या रात्री एकाच पाकिटात. केंद्र दुसऱ्या तालुक्यात असेल तर पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, एखादी फेरी रद्द होतेच. जमलं तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करा. आत गेल्यावर माउस चालतो का, पडदा नीट दिसतो का हे सुरुवातीलाच बघा आणि काही अडलं तर लगेच हात वर करा. संगणक बंद पडला तर घाबरून इकडेतिकडे दाबू नका, पर्यवेक्षकांना बोलवा आणि किती वाजले ते लिहून ठेवा.

भौतिक-रसायन बंद होऊन गणित उघडतं त्या क्षणी बरीच मुलं मागच्या भागातल्या राहिलेल्या प्रश्नांचा हिशेब मांडत बसतात. तो भाग आता उघडणार नाही. दोन मोठे श्वास घ्या, रफ कागदाची कोरी बाजू वर करा, कोपऱ्यात ४५ आणि १० लिहा.

परीक्षेनंतर काही दिवसांनी तुमच्या लॉगिनमध्ये प्रश्न, तुम्ही दिलेली उत्तरं आणि कक्षाने बरोबर धरलेली उत्तरं दिसतात. ती उतरवून घ्या. एखादं उत्तर चुकीचं धरलंय असं वाटलं तर हरकत घेता येते, पण त्याची मुदत थोडी असते आणि प्रत्येक हरकतीला शुल्क पडतं. म्हणून आधी पाठ्यपुस्तकातलं पान काढून शिक्षकांना दाखवा, ते हो म्हणाले तरच पैसे भरा.